झाकण उघडताना

रासायनिक कारखान्यात तयार होणाऱ्या मालाला नाव असते, सूत्र असते, शुद्धतेचा आकडा असतो आणि तो हाताळताना कोणती काळजी घ्यावी हे सांगणारे सुरक्षा-पत्रकही सोबत असते. मात्र तोच माल करताना मागे जो द्रव उरतो त्याच्या वाट्याला यांपैकी फारसे काही येत नाही. स्फटिक गाळून घेतल्यावर उरलेल्या द्रवाला 'मदर लिकर', वापरून मळलेल्या द्रावकाला 'स्पेंट सॉल्व्हंट', धातू धुऊन जोर संपलेल्या आम्लाला 'स्पेंट अ‍ॅसिड' आणि बाकीच्या सगळ्याला सरसकट 'ईटीपीचे पाणी' म्हणण्याची औद्योगिक वसाहतींत रीत आहे. ही नावे द्रव कोठून आला ते सांगतात, त्यात काय आहे ते सांगत नाहीत. असा द्रव निरुपद्रवी करण्याचे काम ज्यांच्याकडे असते त्या कामगारांच्या आरोग्याचा प्रश्न म्हणूनच उत्पादन-विभागातील कामगारांच्या प्रश्नाहून वेगळ्या जातीचा आहे. तेथे धोका माहीत असतो आणि त्यापासून बचाव करायचा असतो. येथे धोका कोणता आहे हे ठरवण्यापासूनच काम सुरू होते, आणि ते ठरवण्यासाठी जो माणूस झाकण उघडतो तो त्या धोक्याच्या सर्वांत जवळ उभा असतो.

विषारी, ज्वालाग्राही, स्फोटक, धातू आणि त्वचा खाऊन टाकणारा किंवा दुसऱ्या पदार्थाशी झटकन अभिक्रिया करणारा कचरा घातक मानावा, असे भारतीय कायदा सांगतो. २०१६ च्या घातक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार असा कचरा कारखानदाराने सर्वसाधारणपणे ९० दिवसांहून अधिक काळ आवारात साठवू नये, तो अधिकृत प्रक्रिया केंद्राकडेच पाठवावा आणि पाठवताना 'मॅनिफेस्ट' नावाचे वाहतूक-पत्र भरावे, असे बंधन आहे. या पत्राच्या निरनिराळ्या रंगांच्या सात प्रती असतात आणि द्रव कोठून निघाला, कोणी नेला व कोठे पोचला याचा माग त्यांवरून लागावा अशी अपेक्षा असते. महाराष्ट्रात अशी मोठी सामाईक केंद्रे तळोजा, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील महापे, पुण्याजवळचे रांजणगाव आणि नागपूरजवळची बुटीबोरी येथे आहेत. परंतु याच नियमांनी १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याखाली येणारे सांडपाणी आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. त्यामुळे एकाच टाकीतला द्रव नळीवाटे कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया संयंत्रात, म्हणजे ईटीपीत, गेला तर तो 'सांडपाणी' ठरतो आणि टँकरमध्ये भरला तर 'घातक कचरा'. ही वर्गवारी कागदोपत्री सोयीची असेल, पण ती कामगाराच्या फुप्फुसांना लागू पडत नाही. आणि बहुसंख्य कामगार मोठ्या केंद्रांत नव्हे, तर कारखान्यांच्या मागच्या कोपऱ्यातल्या छोट्या ईटीपींवर काम करतात, जेथे आठ तासांच्या पाळीला एक ऑपरेटर आणि ठेकेदाराचा एक हेल्पर एवढेच मनुष्यबळ असते.

द्रव कचऱ्यावरील प्रक्रिया ऐकायला सोपी वाटते. आम्ल असेल तर चुना घालून उदासीन करायचे, विरघळलेला धातू असेल तर तो साक्याच्या रूपाने खाली बसवायचा, विष असेल तर ऑक्सिडीकरणाने मोडायचे, तेल आणि पाणी वेगळे करायचे, आणि जे उरेल ते आटवायचे किंवा जाळायचे. यातील प्रत्येक पायरी रसायनशास्त्राच्या शालेय पुस्तकात सापडेल. अडचण एवढीच की एका कचऱ्यासाठी जी पायरी औषध असते ती दुसऱ्यासाठी विष ठरते. भोसरीपासून नाशिकच्या अंबडपर्यंत पसरलेला विद्युत-विलेपनाचा, म्हणजे बोलीतल्या 'प्लेटिंग'चा व्यवसाय याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण पुरवतो. जस्त, तांबे किंवा चांदी चढवण्याच्या जुन्या पद्धतीत सायनाइडयुक्त द्रावण लागते. चकचकीत क्रोम चढवायला षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचे ते पिवळे, कर्करोगकारक रूप लागते. एकाच छपराखाली ही दोन्ही कामे चालत असतील तर दोन परस्परविरोधी सांडपाणी तयार होतात. सायनाइड मोडण्यासाठी पाणी तीव्र अल्कधर्मी, सामू म्हणजे पीएच १० च्या वर ठेवून त्यात 'हायपो', म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, सोडावे लागते. क्रोमियमचे रूप बदलण्यासाठी उलट पाणी आम्लधर्मी करून, सामू २ ते ३ वर आणून त्यात 'मेटा', म्हणजे सोडियम मेटाबायसल्फाइट, घालावे लागते. त्यानंतर चुना घालून सामू ८ ते ९ पर्यंत चढवला की क्रोमियम हिरवट साक्याच्या रूपाने खाली बसते.

एका टाकीला आम्ल हवे आणि शेजारच्या टाकीला अल्क हवे, या साध्या गोष्टीत मृत्यूची शक्यता दडलेली आहे. सायनाइडच्या पाण्याचा सामू ९.२ च्या आसपास आला की त्यातील निम्मे सायनाइड हायड्रोजन सायनाइड या वायुरूप होऊ पाहणाऱ्या विषात बदललेले असते, आणि सामू ७ पर्यंत उतरला की जवळजवळ सगळेच. म्हणजे पाणी आम्लधर्मी होण्याचीही गरज नाही. ते 'उदासीन', सर्वसामान्य समजुतीने निर्धोक, झाले तरी पुरे. हायपो घालताना सामू पुरेसा वर नसेल तर मधल्या टप्प्यावर सायनोजन क्लोराइड हा दुसरा विषारी वायू सुटतो, जो पहिल्या महायुद्धात रासायनिक अस्त्र म्हणून वापरला गेला होता. मेटाच्या टाकीतून सल्फर डायऑक्साइडचा झणका येतो तो वेगळाच. हायड्रोजन सायनाइडला कडू बदामाचा वास येतो असे पुस्तकांत लिहिलेले असते, पण काही माणसांना आनुवंशिक कारणांमुळे तो वास येतच नाही, हे ईटीपीवर नेमणूक करताना कोण तपासून पाहतो? प्रत्यक्षात धोका उद्भवतो तो फार क्षुल्लक कारणांनी: दोन टाक्यांचे नळ एकाच रंगाचे असतात, सामू मोजणाऱ्या यंत्राच्या काचेच्या टोकावर साका चढून ते चुकीचा आकडा दाखवू लागते, किंवा पाळी बदलताना आधीच्या माणसाने कोणती झडप उघडी ठेवली आहे हे पुढच्याला सांगायचे राहून जाते.

सायनाइडचे नाव तरी सर्वांना भीतिदायक वाटते. हायड्रोजन सल्फाइडच्या वाट्याला तेवढाही मान आलेला नाही, कारण कुजक्या अंड्यासारखा त्याचा वास गटारापाशी नेहमीच येत असल्याने तो ओळखीचा झालेला असतो. या ओळखीतच फसगत आहे. दशलक्ष भाग हवेत या वायूचा शंभरावा भाग असला तरी नाकाला तो कळतो; परंतु दशलक्ष भागांत १०० भाग, म्हणजे कामगारांच्या भाषेत १०० पीपीएम, एवढे प्रमाण झाले की काही मिनिटांत घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास येणे बंद पडते. वास गेला म्हणजे वायू गेला असे समजून पुढे सरकणारा माणूस ५०० ते ७०० पीपीएमच्या पट्ट्यात पोचला तर काही मिनिटांत कोसळतो आणि १,००० पीपीएमच्या आसपास तर एकदोन श्वासांतच. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खड्ड्यात, चेंबरमध्ये, टाकीच्या तळाशी साठून राहतो, म्हणजे नेमका तेथे, जेथे साका काढण्यासाठी कामगाराला उतरावे लागते.

सोडियम हायड्रोसल्फाइड हा द्रव या वायूचे साठवलेले रूपच म्हणावा लागेल. कातड्यावरील केस काढण्यासाठी, कागदाच्या लगद्यासाठी, रंग व औषधे यांच्या निर्मितीत तो वापरला जातो किंवा उपउत्पादन म्हणून निघतो. अल्कधर्मी अवस्थेत तो शांत असतो, पण आम्लाशी गाठ पडली की त्यातील सगळे गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडते. साधा हिशेब केला तरी त्याची ताकद लक्षात येते: ३० टक्के तीव्रतेच्या एका लिटर द्रावणातून पूर्ण अभिक्रियेअंती सुमारे दीडशे लिटर वायू निघतो, आणि तो २० मीटर लांब, १५ मीटर रुंद व ५ मीटर उंच अशा शेडमधील सगळ्या हवेत सारखा पसरला तरी तेथील प्रमाण १०० पीपीएमपर्यंत जाते. एका टँकरमध्ये असे हजारो लिटर असतात.

६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत हा हिशेब प्रत्यक्षात उतरला. नाल्याशेजारी उभ्या असलेल्या टँकरमधून रासायनिक द्रव सोडला जात असताना विषारी वायू सुटला आणि जवळच्या कापड-प्रक्रिया गिरणीतील सहा कामगार मरण पावले. वीसहून अधिक जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तो द्रव महाराष्ट्रातील तळोजा औद्योगिक वसाहतीतून निघालेला सोडियम हायड्रोसल्फाइड होता, असे पुढे तपासात आले. मेलेले कामगार कचरा हाताळणारे नव्हतेच, ते साड्या-कापड रंगवणाऱ्या गिरणीतले होते. कोकणात निघालेला कचरा योग्य ठिकाणी प्रक्रियेला न जाता तापीकाठी पोचला आणि ज्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता त्यांनी तो श्वासावाटे घेतला. उल्हासनगरला नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनी नदीच्या पात्रात टँकरने रसायन ओतल्यानंतर शेकडो रहिवाशांना रुग्णालय गाठावे लागले होते, तेव्हाही वाट हीच होती. एखादा द्रव 'कचरा' या सदरातून 'उपउत्पादन' या सदरात गेला की सात रंगांच्या प्रतींचा माग संपतो आणि त्याची विल्हेवाट हा दोन व्यापाऱ्यांमधला भावाचा प्रश्न होऊन बसतो, ही पळवाट बंद केल्याखेरीज अशा घटना थांबण्याची आशा करणे व्यर्थ आहे.

मात्र चोरून ओतणारा टँकरवालाच काय तो दोषी, असे मानणेही सोपी सुटका ठरेल. अमेरिकेतील अलाबामा राज्यात, पेनिंग्टन येथील नाहिओला कागद-गिरणीत १६ जानेवारी २००२ रोजी जे घडले त्यात चोरी नव्हती, रात्र नव्हती आणि बेकायदा असे काहीच नव्हते. टँकरमधून सोडियम हायड्रोसल्फाइड उतरवताना सांडलेला द्रव एका खड्ड्यात साचत असे आणि तेथून तो गिरणीच्या आम्ल-गटारात सोडला गेला. सांडपाण्याचा सामू नियंत्रित राहावा म्हणून त्या दिवशी त्याच गटारात गंधकाम्ल घातले जात होते. दोन्ही एकत्र आले, वायू झाला, आणि तो जवळच्या मॅनहोलच्या नीट न बसलेल्या झाकणातून वर आला. शेजारी बांधकाम करणारे कंत्राटी कामगार त्यात सापडले. दोघांचा मृत्यू झाला, आठ जण जखमी झाले. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने केलेल्या चौकशीचे सार असे की त्या खड्ड्याचे नळ आम्ल-गटाराला जोडताना या दोन द्रवांची गाठ पडल्यास काय होईल याचा विचार पुरेसा झाला नव्हता. सामू नियंत्रित करणे ही सांडपाणी प्रक्रियेतील सर्वांत नेहमीची कृती आहे. सुरत आणि पेनिंग्टन यांच्यात वीस वर्षांचे आणि अर्ध्या पृथ्वीचे अंतर आहे, पण रसायन तेच, अभिक्रिया तीच आणि मरणारेही तेच, म्हणजे ज्यांना त्या द्रवाचे नाव कोणी सांगितलेले नव्हते असे शेजारी राबणारे मजूर.

नियमाने चालणाऱ्या प्रक्रिया केंद्रातही संपर्काचे क्षण ठरलेले असतात आणि त्यांतला पहिला फाटकावरच येतो. आलेला द्रव मॅनिफेस्टमध्ये लिहिला आहे तोच आहे का हे पाहण्यासाठी नमुना घ्यावा लागतो. उन्हात तासन्‌तास प्रवास केलेल्या टँकरवर चढून कामगार वरचे झाकण सैल करतो, तेव्हा आत कोंडलेली वाफ दाबाने त्याच्या तोंडावरच येते. नमुना घेणे हे काम दोन-तीन मिनिटांचे असल्याने त्यासाठी मुखवटा चढवण्याचा कंटाळा केला जातो. हा कंटाळा किती महाग पडू शकतो याचा पुरावा दुसऱ्या एका धंद्यातून मिळालेला आहे: अमेरिकेच्या तेलक्षेत्रांत साठवण-टाकीचे झाकण उघडून तेलाची पातळी मोजताना किंवा नमुना घेताना २०१० ते २०१४ या काळात नऊ कामगार मरण पावले, आणि त्यामागे झाकणातून एकदम बाहेर येणारी हायड्रोकार्बन वाफ व तिच्यामुळे घटलेला प्राणवायू हे कारण असल्याचे तेथील व्यावसायिक सुरक्षा संस्थांनी २०१६ मध्ये जाहीर केले.

दुसरा क्षण टँकर रिकामा करण्याचा. दहा हजार लिटर द्रव टाकीत भरला की टाकीतील दहा हजार लिटर हवा बाहेर पडणारच, आणि ती नुसती हवा नसते. टोल्यूइनसारखे द्रावक टाकीत असेल तर २५ अंश तापमानाला त्याच्या वाफेने संपृक्त झालेल्या हवेत ३७ हजार पीपीएमच्या घरात टोल्यूइन असते. भारतीय कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीतील आठ तासांची सरासरी मर्यादा १०० पीपीएम आहे. ही हवा बंद नळीने टँकरमध्ये परत नेली किंवा तिला धुऊन काढणाऱ्या मनोऱ्यातून, म्हणजे स्क्रबरमधून, सोडली तर प्रश्न मिटतो. तशी सोय नसेल तर ती टाकीच्या उच्छ्वास-नळीतून निघून शेजारी हौजपाइप धरून उभ्या असलेल्या माणसापर्यंत येते.

त्या माणसाच्या खिशाला आता बहुतेक बऱ्या कारखान्यांत वायुशोधक यंत्र लावलेले असते, आणि त्याच्या भरवशावर सगळे निश्चिंत असतात. चार वायूंचे म्हणून ओळखले जाणारे हे यंत्र प्राणवायू, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि ज्वालाग्राही वाफ यांचे प्रमाण दाखवते. हायड्रोजन सायनाइड किंवा सल्फर डायऑक्साइड ओळखण्यासाठी ते बनवलेलेच नसते. ज्वालाग्राही वाफेसाठीची धोक्याची घंटा सामान्यतः स्फोटाच्या किमान मर्यादेच्या १० टक्क्यांवर वाजते. टोल्यूइनच्या बाबतीत हे प्रमाण हजार पीपीएमच्या वर जाते. म्हणजे घंटा वाजत नाही तोवर स्फोट होणार नाही एवढेच खरे. श्वासासाठीची मर्यादा तोवर दहापटीहून अधिक ओलांडून गेलेली असू शकते. मोजमापाची दुसरी फसगत सरासरीची आहे. हायड्रोजन सल्फाइडची आठ तासांची सरासरी मर्यादा १० पीपीएम आहे. एखादा कामगार पाळीतील केवळ पंधरा मिनिटे ३०० पीपीएममध्ये राहिला आणि उरलेला वेळ स्वच्छ हवेत, तर त्याची सरासरी ९.४ पीपीएम येते आणि कागदावर तो मर्यादेच्या आत राहतो. प्रत्यक्षात ती पंधरा मिनिटे त्याच्या जिवावर बेतू शकतात. याच कारणाने अनुसूचीत अल्पकालीन संपर्काची १५ पीपीएमची वेगळी मर्यादा दिलेली आहे, परंतु हवेचा नमुना वर्षातून एकदोनदा, कामकाज सुरळीत असताना घेतला जात असेल तर झाकण उघडण्याची ती पंधरा मिनिटे त्या नमुन्यात येणार कशी? शिवाय ही अनुसूची शंभराहून थोड्याच अधिक पदार्थांची आहे आणि त्यांची नोंद सुटीसुटी आहे. कचऱ्याच्या टाकीत चारपाच द्रावके एकत्र असतात आणि मेंदूवर त्यांचा परिणाम बेरजेने होतो.

तात्काळ कोसळवणारे वायू बातमीत येतात. हळू मारणारे पदार्थ बातमीत येत नाहीत, आणि कामगाराच्या एकंदर दुखण्यांत त्यांचाच वाटा मोठा असावा. क्रोमियमच्या साक्याने भरलेला फिल्टर प्रेस, म्हणजे कापडी पट्ट्यांमध्ये साका दाबून पाणी काढणारे यंत्र, उघडल्यावर चिकटलेला साका लाकडी पट्टीने खरवडून काढावा लागतो. साक्यातील क्रोमियम रूपांतर होऊन कमी विषारी झालेले असते हे खरे, पण ते रूपांतर पूर्ण झाले आहे की नाही हे आधीच्या टाकीतल्या सामूवर आणि मेटाच्या मात्रेवर अवलंबून असते. षट्संयुजी क्रोमियमने बोटांच्या सांध्यांवर खोल, कमी दुखणाऱ्या जखमा होतात आणि नाकातील पडद्याला भोक पडते. क्रोमची ही जखम कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, सरकारला कळवणे सक्तीचे असलेल्या रोगांच्या यादीत, फार पूर्वीपासून आहे. रंग-उद्योगातल्या सांडपाण्यातील अ‍ॅनिलिन त्वचेतून आत शिरते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवते, त्यामुळे ओठ आणि नखे निळसर पडतात. औषध-कारखान्यांच्या द्रावकांतले डायमिथिल फॉर्ममाइडही कातडीतून जाऊन यकृताला इजा करते. डायक्लोरोमिथेन शरीरात मोडताना कार्बन मोनॉक्साइड तयार करते आणि साध्या कोळशाच्या मुखवट्यातून ते इतक्या लवकर पार होते की तो मुखवटा त्याच्यापुरता शोभेचाच ठरतो.

मुखवट्याबद्दल थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण संपर्काचा विषय निघाला की व्यवस्थापन सर्वप्रथम त्याकडेच बोट दाखवते. गाळणी असलेला मुखवटा हवेतील विशिष्ट वायू शोषतो, प्राणवायू निर्माण करत नाही; गाळणी कोणत्या वायूसाठी आहे हे वायू माहीत असल्याशिवाय ठरवता येत नाही, आणि येथे मूळ अडचण तीच आहे. कोकणपट्टीच्या दमट उकाड्यात रबरी पोशाख, गमबूट आणि पूर्ण चेहऱ्याचा मुखवटा घालून अर्ध्या तासाहून अधिक काम करणे जवळजवळ अशक्य असते, हे मुखवटा विकत घेणाऱ्यांना ठाऊक नसते असे नाही. मग नाकाला ओला रुमाल बांधला जातो, जो धूळ अडवतो पण वायू अडवत नाही. पाळी संपल्यावर गूळ किंवा दूध देण्याची जुनी प्रथा अनेक कारखान्यांत आजही टिकून आहे. गुळाने छातीतले रसायन धुऊन निघते या समजुतीला वैद्यकीय आधार नाही, पण ती कारखान्यांना सोयीची आहे हे नाकारता येत नाही, कारण स्क्रबरपेक्षा गूळ पुष्कळ स्वस्त पडतो.

वैद्यकीय तपासणीची तरतूद कायद्यात आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात जे नवे प्रकरण आले त्यातील कलम ४१-सी नुसार धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्याच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणे सक्तीचे झाले, ४१-बी ने रसायनांची माहिती कामगारांना देणे बंधनकारक केले आणि ४१-एच ने आसन्न धोक्याकडे व्यवस्थापनाचे लक्ष वेधण्याचा हक्क कामगाराला दिला. आता २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात येऊन या अधिनियमाची जागा घेत आहे. कायदा जुना असो की नवा, त्यामागचे गृहीत असे आहे की कामगार एका कारखान्यात वर्षानुवर्षे राहील, त्याचे मूत्र आणि रक्त दरवर्षी तपासले जाईल आणि बदल दिसला की त्याला हलवले जाईल. प्रत्यक्षात टाक्या साफ करणारा, ड्रम पालथे करणारा, साका खरवडणारा हेल्पर ठेकेदाराचा असतो, उत्तर प्रदेश, बिहार किंवा ओडिशातून आलेला असतो, आणि बहुधा सहा-आठ महिन्यांत दुसरीकडे गेलेला असतो. फुप्फुसाचा कर्करोग वीस वर्षांनी उद्भवला तर त्याचा संबंध अमुक वसाहतीतल्या अमुक टाकीशी जोडून दाखवण्यासाठी लागणारी एकही नोंद तेव्हा कोणाकडे नसते. रोग नाही म्हणून आकडा नाही, की आकडा नाही म्हणून रोग नाही असे दिसते, हा फरक पडताळण्याची साधनेच या व्यवस्थेने ठेवलेली नाहीत.

उपाय अज्ञात नाहीत आणि त्यांतले सर्वांत परिणामकारक उपाय महागही नाहीत. दोन द्रव टाकीत एकत्र करण्यापूर्वी त्यांचे थोडे थोडे नमुने वायुशोषक कपाटात काचेच्या भांड्यात मिसळून तापमान चढते का, बुडबुडे येतात का, वायू सुटतो का हे पाहणे, या चाचणीला दहा-पंधरा मिनिटे लागतात. सायनाइड आणि आम्ल यांच्या नळ्यांची जोडणी-तोंडे वेगवेगळ्या व्यासाची ठेवली तर चुकीची नळी लावायची म्हटली तरी लागत नाही. झाकण न उघडता खालच्या बंद तोटीतून नमुना घेता येतो. सामू ठरावीक पातळीखाली गेला की आम्लाचा पंप आपोआप बंद पाडणारी साधी विद्युत-जोडणी करता येते. अमेरिकेत १९९० पासून लागू असलेल्या नियमानुसार घातक कचऱ्याच्या प्रक्रिया केंद्रातील कामगाराला कामावर घेताना २४ तासांचे आणि नंतर दरवर्षी ८ तासांचे प्रशिक्षण द्यावे लागते. आपल्याकडे ठेकेदाराच्या हेल्परला किती तास दिले जातात, हा प्रश्न कोणत्याही औद्योगिक वसाहतीत विचारून पाहावा. खर्चाची खरी अडचण दुसरीकडे आहे. प्रक्रियेचा भाव टनावर ठरतो, टँकर जितका लवकर रिकामा होईल तितका फायदा असतो, आणि काटछाट करायची झाली की पहिली काटछाट पृथक्करणावर होते, कारण पृथक्करणाने एक टनही कमी होत नाही. कचऱ्यात काय आहे हे जाणून घेण्याचा खर्च तो निर्माण करणाऱ्याने टाळला की प्रक्रिया केंद्राला करावा लागतो, तेथे टळला की झाकण उघडणाऱ्या माणसाच्या शरीरावर ती चाचणी होते.

नियमांनी घातक कचऱ्याच्या पिंपावर लावायच्या चिठ्ठीचा नमुना ठरवून दिला आहे. 'घातक कचरा' आणि 'जपून हाताळा' हे शब्द इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत ठळकपणे लिहिले पाहिजेत, अशी त्यात सूचना आहे. कशापासून जपायचे, हे सांगणारा रासायनिक घटकांचा तपशील मात्र स्थानिक भाषेत असावा अशी अट त्यात नाही, आणि तो सहसा इंग्रजीतच असतो. हा तपशील मराठी व हिंदीत, टँकरच्या अंगावर, आम्लाशी गाठ पडू देऊ नका किंवा पाण्याशी गाठ पडू देऊ नका अशा थेट शब्दांत लिहिण्याची सक्ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने करावी, यासाठी कोणत्याही नव्या तंत्रज्ञानाची वाट पाहावी लागणार नाही.

टाकीत उतरण्यासंबंधीचा नियम तर त्याहून जुना आणि त्याहून सोपा आहे. बंदिस्त जागेत विषारी वायू असण्याची शक्यता असेल, तर सक्षम व्यक्तीने चाचणी घेऊन जागा सुरक्षित असल्याचे लेखी प्रमाणपत्र दिल्याशिवाय तेथे कोणी उतरू नये. किंवा उतरणाऱ्याने श्वसन-उपकरण घातलेले असावे आणि त्याच्या कमरेच्या पट्ट्याला दोर बांधलेला असावा, ज्याचे मोकळे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असेल, असे कारखाने अधिनियमाचे कलम ३६ सांगते. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९८६ मध्येच बजावले होते की बंदिस्त जागेतील मृतांत साठ टक्क्यांहून अधिक लोक आधी पडलेल्याला वाचवायला गेलेले असतात. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी गांधीनगर जिल्ह्यातील कलोल तालुक्यात, खात्रज येथील एका औषध-कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीत एक कामगार उतरला आणि कोसळला, त्याला काढायला दुसरा उतरला, मग तिसरा; अग्निशमन दलाने बाहेर काढले तेव्हा पाच मृतदेह होते.